पखवाज, पेटी आणि पहिलं सॉफ्टवेअर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. एफएल स्टुडिओ, एबलटन, क्यूबेस, लॉजिक, रीपर अशी संगीत रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरची नावं लिहून तू विचारलंस, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? मी उलट विचारतो, तुला करायचं काय आहे? ते तूच मेसेजच्या शेवटी एका ओळीत लिहिलं आहेस: गावातल्या महिला मंडळाची भजनं नीट रेकॉर्ड करायची, त्यांना मागे थोडं संगीत द्यायचं आणि जमलं तर शिमग्यातले ढोलही टिपायचे. म्हणजे तुझं बरंचसं काम माइकमधून आत येणार. निवड तिथूनच सुरू कर.

एफएल स्टुडिओची तुझ्या मित्रांनी एवढी तारीफ केली ती खोटी नव्हे. १९९७ साली ते फ्रूटीलूप्स या नावाने आलं आणि ठेके रचायला आजही त्याच्याइतकं सोपं फार थोडं आहे. एकदा विकत घेतलं की पुढची अपडेट्स कायमची फुकट. गणपतीत वाजणारी रिमिक्स करायची असती तर मी तुला तेच घ्यायला सांगितलं असतं. पण त्याच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंग होत नाही, त्यासाठी वरची आवृत्ती घ्यावी लागते. चाचणी आवृत्तीत प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. शिकणाऱ्याला तर काल केलेलं आज उघडून दुरुस्त करायचं असतं.

लॉजिक आणि गॅरेजबँड फक्त ॲपलवर चालतात आणि तुझा लॅपटॉप विंडोजचा, तेव्हा तो विषय संपला. एबलटनची लाइट आवृत्ती बऱ्याच ऑडिओ इंटरफेसबरोबर (माइक लॅपटॉपला जोडायचं यंत्र) फुकट मिळते, पण त्यात ट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी, आठच. दोन गायिका, कोरस, पेटी, पखवाजाच्या दोन बाजू, टाळ एवढ्यातच सात ट्रॅक गेले. ऑडॅसिटी फुकट आहे, तालमीचं रेकॉर्डिंग करून कापायला छान आहे. ते लॅपटॉपवर असू दे, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा करू नकोस.

माझं मत रीपर. साठ दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं, काहीही बंद ठेवलेलं नसतं. नंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला ही रक्कम लहान नाही, मला कळतं. तेवढे पैसे जमणार नसतील तर वेव्हफॉर्म फ्री घे. त्यातही ट्रॅकची मर्यादा नाही. पण कुणी पेन ड्राइव्हवर क्रॅक केलेलं आणून दिलं तर कृपा करून घेऊ नकोस. त्यातून व्हायरस येतो आणि ज्या लॅपटॉपवर तुझ्या मंडळाची एकुलती एक रेकॉर्डिंग्ज आहेत, तोच हातचा जातो.

रीपरमध्ये तयार वाद्यं जवळजवळ नाहीत आणि पहिले आठ दिवस ते रूक्ष वाटेल. स्वरांची भर घालायला सर्ज एक्सटी हा फुकट सिंथ, म्हणजे लॅपटॉपमधूनच सूर काढणारं वाद्य, उतरवून घे. पण जुन्या लॅपटॉपवरही रीपर हलकं चालतं आणि भजनासाठी ते मला आवडतं त्याचं कारण वेगळं आहे.

भजनाची लय एका जागी थांबत नाही. अभंग संथ सुरू होतो, मग पखवाजवाला लय वाढवतो आणि गजराला येईपर्यंत ती दुप्पट झालेली असते. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मात्र आखीव चौकटी असतात, एकाच वेगाच्या. नवशिके क्लिक, म्हणजे एकाच वेगाची टिकटिक, लावून गायला बसवतात आणि भजनातला जीवच काढून घेतात. तू क्लिक बंद ठेव. मंडळ जसं गातं तसं गाऊ दे. नंतर प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस 'टाइम'वर ठेव, म्हणजे वेग बदलला तरी रेकॉर्ड केलेला आवाज जागचा हलणार नाही. मग जिथे सम पडते तिथे शिफ्ट आणि सी दाबून टेम्पोची खूण टाकत जा. काम किचकट आहे, एका गजराला संध्याकाळ जाईल. पण मग तू वाजवलेला सिंथ बायांच्या लयीमागून चालेल. बायांना यंत्रामागून फरफटत जावं लागणार नाही.

तीच गोष्ट सुराची. पेटी दरवेळी ए ४४० या प्रमाण सुराला बरोबर लागलेली असतेच असं नाही. पेटीचा षड्ज धरून रेकॉर्ड कर आणि रीपरमधलं रीट्यून उघड. स्वर किती सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर किंवा खाली आहे ते ते दाखवतं. तेवढाच फरक सिंथच्या ट्यूनिंगमध्ये कर. पेटीला आणि गळ्याला हात लावू नकोस.

बाकीचं भराभर सांगतो. रेकॉर्डिंगचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेव. एका ट्रॅकला तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, म्हणजे सात ट्रॅकच्या तासाभराच्या भजनाला साडेतीन जीबीच्या वर. पखवाजाची थाप अचानक उसळते, म्हणून गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते, लावताना सगळ्यात जोरदार थापही मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघ; शून्याच्या वर आवाज फाटतो. रेकॉर्डिंगला इंटरफेस कंपनीचा एसिओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेणारा) निवड आणि बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते, १२८ सॅम्पल ठेव, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. १०२४ वर तो एकवीसच्या पुढे जातो आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून ऐकू येऊन गाणारी गोंधळते. मिक्सिंगला बसलीस की मग १०२४ कर, लॅपटॉपवर ताण येणार नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर लाव, रेकॉर्डिंग बॅटरी पूर्ण भरूनच सुरू कर. प्रोजेक्ट सेव्ह करताना ऑडिओ फाइल्स त्याच फोल्डरमध्ये कॉपी करण्याच्या पर्यायावर टिक कर, कारण रीपरची प्रोजेक्ट फाइल नुसती यादी असते, आवाज बाहेर असतो. तेवढीच फाइल मला पाठवलीस तर उघडल्यावर सगळे ट्रॅक रिकामे दिसतील. आणि समुद्राजवळ राहतेस, माइक उघड्यावर ठेवू नकोस. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक.

इंटरफेस आणि माइकची खरेदी अजून करू नकोस. आधी फोनवर एक गवळण रेकॉर्ड कर, ती रीपरमध्ये आण आणि सांगितल्याप्रमाणे लयीच्या खुणा टाकून दाखव. पूर्ण फोल्डर झिप करून पाठव. मी ऐकून कळवतो, मग माइकचं बोलू.

तुझा,
काका

ता. क. मंडळातल्या बायांना रेकॉर्डिंग कुठे टाकणार आहेस ते आधी सांग आणि त्यांची परवानगी घे. यूट्यूबवर गेल्यावर विचारण्यात अर्थ नाही.