रान, वन, जंगल आणि बिनझाडांचा माळ

प्रश्न थोडक्यात असा. एका शिक्षिकेने सातवीच्या मुलांना बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात नेलं. चिंकारे दिसले, मुलं खूश झाली. परतताना एकाने विचारलं, "बाई, हे अभयारण्य ना? मग ह्यात अरण्य कुठंय?" सोबतचा गावातला माणूस म्हणाला, "हे रान आहे, जंगल नाही." तेव्हा बाईंचं विचारणं असं, की अरण्य, वन, जंगल, रान यांत फरक काय, झाडं नसलेल्या माळाला जंगल म्हटलं तर चुकतं का, आणि सहलीच्या तक्त्यावर 'पडीक माळ' असं लिहिलेलं चालेल का?

सुरुवात 'रान'पासून करू, कारण खरा घोळ तिथेच आहे. 'रान' हे 'अरण्य'चंच घरगुती रूप. प्राकृतात 'अरण्ण', 'रण्ण' आणि मराठीत 'रान'. आरंभीचा 'अ' गळाला. 'अरहट्ट'चा 'रहाट' झाला तसाच. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबाने अरण्य आणि रान एकच. पण सातशे-आठशे वर्षं बोलाचालीत वापरून 'रान' इतकं पसरलं, की आज त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या गावावर ठरतो. गोव्यात आणि कोकणात 'रान' म्हटलं की झाडी, वेली, जनावर. देशावर "मालक रानात गेलेत" म्हटलं की ते शेतात गेलेत, आणि दुपारी भाकरी तिकडे पोचवायची आहे. तिथे काळं रान असतं, हलकं रान असतं, तणाने माजलेलं रान असतं, आणि त्यात एकही झाड नसलं तरी बोलणाऱ्याचं काही अडत नाही. दुसरीकडे रानडुक्कर, रानमांजर, रानभाजी, रानमेवा यांतलं 'रान' म्हणजे जे माणसाने पेरलं-पाळलं नाही ते. एकाच शब्दात नांगरलेलंही आलं आणि न नांगरलेलंही. गावाबाहेरचं, उघड्यावरचं ते रान, एवढाच काय तो समान धागा.

आणि तो धागा मुळातच होता. संस्कृतात 'अरण' म्हणजे परका, लांबचा. वैदिक वाङ्मयात 'अरण्य'ची जोडी 'ग्राम'शी लावलेली दिसते. पशूसुद्धा ग्राम्य आणि आरण्य असे दोन. वस्ती संपली की अरण्य सुरू. झाडं किती, हा प्रश्नच नव्हता. आपला 'अरण्यरुदन' हा शब्द बघा. त्या रडण्याचं दुःख आजूबाजूला झाडं आहेत हे नसून ऐकायला माणूस नाही हे आहे. तेव्हा त्या मुलाला बेलाशक सांगा, की अरण्य पायाखालीच होतं. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. झाडी वाढवून ते दाट केलं, तर ज्याच्यासाठी 1997 साली ते जाहीर झालं तो चिंकाराच तिथे अवघडून जाईल. त्याला लांबवरचं दिसायला हवं आणि पळायला मोकळी जागा हवी.

'वन'बद्दल फार लिहीत नाही. तो आता मुख्यतः कागदावरचा शब्द आहे: वनविभाग, वनरक्षक, राखीव वन. गोष्टीतला राजा वनात जातो. आपण नाही जात. गावात तर लोक सरळ 'फॉरेस्टची हद्द' आणि 'फॉरेस्टवाले' म्हणतात. गंमत अशी, की ज्या कायद्याने ही हद्द आखली त्या 1927 च्या भारतीय वन अधिनियमात 'वन' म्हणजे काय याची व्याख्याच नाही. वनोपजाची मात्र आहे, आणि वनातलं गवत त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढे जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वन या शब्दाचा शब्दकोशात असेल तो अर्थ घ्यायचा. शिवाय सरकारी नोंदीत जी जमीन वन म्हणून आहे तीही, मालक कोणी का असेना, वनच. शब्दकोशाला इतका मान दुसऱ्या कुठल्या खटल्यात मिळाला असेल तर मला वाचायला आवडेल.

भारतीय वन सर्वेक्षण मोजणी करतं ती वेगळ्याच मापाने. एक हेक्टर किंवा जास्त क्षेत्र असावं आणि झाडांच्या माथ्यांनी किमान 10 टक्के जमीन झाकलेली असावी, की झालं ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाडं कसली, हे बघत नाहीत. या मापाने एखादी मोठी आमराई वनाच्छादनात बसते आणि लांडगा, खोकड, चिंकारा असलेला माळ बाहेर राहतो. हे आकडे बातम्यांत 'जंगल वाढलं', 'जंगल घटलं' अशा मथळ्यांनी येतात, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

आता 'जंगल'. इथे खरी मौज आहे. शब्द संस्कृत 'जांगल'वरून आला, आणि 'जांगल' म्हणजे घनदाट झाडी मुळीच नव्हे. आयुर्वेद देशाचे तीन प्रकार मानतो: पाणथळ तो आनूप, कोरडा मोकळा तो जांगल, आणि दोन्हींची लक्षणं असलेला साधारण. चरकसंहितेत जांगल देशाचं वर्णन येतं ते मोकळ्या आभाळाचं, खैर-बोरी-शमीसारख्या झाडांचं, मृगजळाचं, लावे आणि तित्तिरांचं. एप्रिलमध्ये सुप्याच्या माळावर उभं राहून हे वर्णन वाचलं तर कुणी ताजं टिपण केलंय असं वाटेल! जांगल प्राण्यांचं मांस पचायला हलकं, असंही वैद्यक सांगतं, आणि त्यात पहिला मान हरणांचा. महाभारतातल्या कुरूंच्या प्रदेशाचं 'कुरुजांगल' हे नावही याच शब्दाचं.

मग कोरड्या मोकळ्या प्रदेशाचा शब्द गर्द झाडीला कसा लागला? नांगराखाली नसलेली जमीन, मग आपोआप माजलेली झाडी, मग नुसती झाडी, अशी ही घसरण दिसते. पुढे इंग्रजांनी शब्द उचलला आणि त्यांच्या शिकारकथांनी तो आणखी दाट, आणखी ओला करून आपल्याकडे परत पाठवला. आज 'जंगल' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे वाघ आणि वेली येतात, त्याला मुलं काय करणार?

पण जुना अर्थ पुरता मेलेला नाही. 1930 चा जंगल सत्याग्रह आठवा. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी कायदा मोडला तो राखीव जंगलातलं गवत कापून. जंगलाचा सत्याग्रह, आणि हातात गवताची पेंढी! गावाला जंगल हवं होतं ते चाऱ्यासाठी, सरपणासाठी. आजच्यासारखं बघायला नव्हे. दुसरा पुरावा विदर्भातला. तिथल्या महसुली नोंदींत 'झुडपी जंगल' असा जमिनीचा प्रकारच आहे: झुडपं, गवत, गुरं चारायची जागा. ही जमीन वन की महसूल, यावर कितीतरी वर्षं वाद चालला. शेवटी 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की 1996 च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली 86 हजार हेक्टरांहून जास्त जमीन या एका शब्दाखाली येते. तेव्हा माळाला जंगल म्हणणं चूक नाही. मात्र ऐकणाऱ्याला रोजच्या भाषेत ते खटकेल, आणि तेही चूक नाही. तुमच्या सोबतच्या माणसाने 'रान' म्हटलं तेच मला जास्त नेमकं वाटतं. 'गायरान' घ्या. गुरं चरायची गावाची सामाईक जमीन. त्यात झाडं असावीत अशी अपेक्षा कुणी कधी केली?

'पडीक'ला मात्र माझा साफ विरोध आहे. 'पड' हा शेतीतला शब्द. रान एखाद्या हंगामात पड टाकतात, म्हणजे पेरत नाहीत. पडीक म्हणजे पेरता आली असती पण पेरली नाही ती जमीन. आपल्या पिकाच्या बाजूने पाहिलेला हा हिशेब आहे, जमिनीचा गुण नाही. माळ काही कुणी टाकून दिलेला नाही. पवना, मारवेल, कुसळी असलं गवत तिथे आपलं आपण उगवतं आणि बी धरतं. कुसळीचं एक बी तळहातावर घेऊन बघा. टोकाला सुईसारखा काटा, मागे पिळाची लांब शेपटी. पाण्याचा थेंब पडला की शेपटीचा पीळ सुटू लागतो, बी गरगरतं आणि टोक मातीत घुसतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. मोज्यांत शिरलेलं कुसळ चालता चालता आत आत का जातं, तेही यावरून कळेल. (डोळ्यातल्या कुसळाची म्हण ज्याने केली त्याने माळावर गुरं राखलेली असणार, अशी माझी खात्री आहे.)

असल्या जागेला एकदा 'पडीक', 'ओसाड' असं नाव पडलं, की तिथे काहीतरी करायला हवं असं सगळ्यांनाच वाटू लागतं. चर खणतात, गिरिपुष्पाची रोपं ओळीने लावतात, फोटो निघतात. हेतू चांगला असतो, पण माळटिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. त्यांना ती सावली नको असते. 'कुरण' हा शब्द चांगला होता, पण वर्तमानपत्रांनी तो भ्रष्टाचाराला इतक्यांदा जुंपलाय, की 'सुप्याचं कुरण' म्हटलं तर लोक विचारतील, कोण चरतंय?

भूगोलाच्या पुस्तकातला 'गवताळ प्रदेश' शुद्ध आहे, पण मुलांना तो प्रेअरी आणि स्टेपच्या धड्यात भेटतो, त्यामुळे असली जागा परदेशातच असते अशी त्यांची समजूत होते. तक्त्यावर 'माळरान' लिहा. एकच शब्द, मध्ये जागा सोडू नका. खाली कंसात 'गवताळ प्रदेश' घातलंत तर परीक्षेलाही उपयोगी पडेल.