सीरियात आयसिसविरुद्ध अमेरिका आणि रशियाने हातमिळवणी करायला हवी होती का?

तुम्ही विचारलंय की यादवी युद्धात आयसिससारखे (स्वतःला इस्लामिक स्टेट म्हणवणारे) अतिरेकी घुसले की अमेरिका-रशियानं आपलं वैर गुंडाळून एकत्र लढायला नको का, आणि पुढं असंही लिहिलंय की २०१५ लाच एकत्र आले असते तर सहा महिन्यांत विषय संपला असता. आमच्या सोलापुरात पार्क चौकात चहा पिताना माझा एक मित्र पण हेच म्हणतो, "दोघांनी मिळून ठोकलं असतं की बे, कोण टिकलं असतं?"

माझं मत सांगतो. सहकार्य करावं, पण कामापुरतं. बॉम्ब कुणावर टाकायचा हे दोघांनी एका टेबलावर बसून ठरवायचं म्हटलं की गाडं अडतंच, कारण अतिरेकी कोण याची यादी प्रत्येकाची वेगळी असते.

सीरियातच बघा ना. तिथला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष असद, त्याच्या हिशोबानं हातात बंदूक घेतलेला प्रत्येक विरोधक दहशतवादी. अमेरिका त्यातल्याच काही गटांना मवाळ म्हणून शस्त्रं देत होती. ज्या कुर्दांना सोबत घेऊन अमेरिकेनं आयसिसची राजधानी रक्का जिंकलं त्यांनाच तुर्कस्तान दहशतवादी म्हणतो, आणि तुर्कस्तान तर नाटोमधला, म्हणजे अमेरिकेचा घरचाच माणूस. रशिया ३० सप्टेंबर २०१५ ला उतरला तो आयसिसला मारायला आलोय असं सांगून, पण पहिले हल्ले झाले होम्स-हमा भागात, जिथं आयसिस फारसं नव्हतंच, असदला डोईजड झालेले बाकीचे गट होते. आता अशा पार्टनरला तुम्ही तुमच्याकडची गुप्त माहिती द्याल का?

तरी एकदा प्रयत्न झाला, आणि तो कसा फसला ते जरा नीट सांगतो कारण लोक ते विसरलेत. ९ सप्टेंबर २०१६ ला जिनिव्हात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केरी आणि रशियाचे लावरोव्ह यांचा करार झाला, की सात दिवस शांतता टिकली तर दोन्ही देश मिळून एक सेंटर काढणार आणि आयसिस आणि नुस्रा फ्रंट (अल-कायदातून निघालेला सीरियातला गट) यांच्यावर ठरवून हल्ले करणार. बकरी ईदला, १२ तारखेला शस्त्रसंधी सुरू झाली. १७ तारखेला अमेरिकेच्या आघाडीच्या विमानांनी देर अझ-झोरजवळ आयसिस समजून असदच्याच सैनिकांवर बॉम्ब टाकले, ६२ मेले असं रशिया म्हणाला. विमानं एकमेकांना आडवी येऊ नयेत म्हणून दोघांमध्ये हॉटलाइन होती बरं का, रशियन अधिकाऱ्यानं कतारच्या तळावर फोन पण लावला, पण नेहमी बोलणारा अमेरिकन अधिकारी जागेवर नव्हता म्हणून तो २७ मिनिटं थांबून राहिला आणि तेवढ्या वेळात वरून बॉम्ब पडतच होते. मग १९ तारखेला अलेप्पोजवळ मदतीचे ट्रक घेऊन निघालेला ताफा विमानातून उडवला, अमेरिकेनं रशियाकडं बोट दाखवलं, रशियानं हात वर केले. ३ ऑक्टोबरला अमेरिकेनं बोलणीच थांबवली. सेंटर कागदावरच राहिलं. डिसेंबरमध्ये अलेप्पो असदनं घेतलं आणि त्याच महिन्यात, सगळं लक्ष तिकडं असताना, आयसिसनं पाल्मिरा शहर असदकडून परत जिंकून घेतलं. म्हणजे कुणाचा खरा शत्रू कोण होता ते तुम्हीच बघा.

पण म्हणून काहीच जमलं नाही असं नाही हां. तीच हॉटलाइन. एकमेकांशी न बोलणारे भाऊबंद सामाईक विहिरीवरच्या मोटारीची पाळी जशी मुकाट्यानं पाळतात, तशी ती चालली, आणि इतकी वर्षं एकाच आकाशात उडून दोघांच्या विमानांची टक्कर झाली नाही. पुढं युफ्रेटिस नदीच धरली, एका अंगाला रशिया-असद, दुसऱ्या अंगाला अमेरिका-कुर्द, अधूनमधून खटके उडाले पण मोठं युद्ध पेटलं नाही. त्याआधी २०१३ मध्ये घौटातल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर याच दोघांनी मिळून असदकडून जवळपास १३०० टन रासायनिक साठा बाहेर काढायला लावला. सगळा निघाला नव्हता हे २०१७ ला खान शेखून गावावर पुन्हा विषारी वायूचा हल्ला झाला तेव्हा कळलं, पण निघाला तेवढा तर गेला ना. आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या सीआयएच्या टिपवरून रशियात सेंट पीटर्सबर्गमधला अतिरेक्यांचा कट उधळला गेला, पुतिननी स्वतः ट्रम्पना फोन करून आभार मानले. या सगळ्यात कुणी कुणावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती, काम झालं की नाही ते दोघांना डोळ्यांनी दिसत होतं.

आमच्या भागातलं एक सांगतो. माझी आजी नळदुर्गच्या पलीकडची, तेव्हा ती मोगलाई, म्हणजे हैदराबादच्या निजामाचं राज्य. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, धास्तीनं भांडी कडब्याच्या गंजीत लपवून घरचे रातोरात सोलापूरला आले, तसे पुष्कळ आले. रझाकारांविरुद्ध तेव्हा काँग्रेसवाले होते, आर्यसमाजी होते, तिकडं तेलंगणात कम्युनिस्ट होते, एकमेकांशी पटत नसताना सगळ्यांचा नेम एकच. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापुरातूनच भारताची फौज नळदुर्गच्या रस्त्यानं आत गेली, तीच पोलीस ॲक्शन, आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. मग? तीच फौज तेलंगणात कम्युनिस्टांवर लावली, ते प्रकरण १९५१ पर्यंत चाललं. आणि रझाकार संपले तरी सूड संपला नाही, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेडकडं ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे मुसलमान मारले गेले, नेहरू सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं ते लिहून ठेवलंय. १७ सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या, भाषणांत हे कुणी काढत नाही. पोलीस ॲक्शन नको होती असं मी म्हणत नाहीये, आजीचं घर त्यामुळंच वाचलं. पण समान शत्रू पडला की दुसऱ्या दिवशीपासून यादी लांबायला लागते, आणि नावं कुणाची घुसतात ते बघायला कुणी नसतं.

आता गंमत ऐका. २०१६ च्या करारात ज्या नुस्राला दोघं मिळून मारणार होते, त्याचा म्होरक्या जोलानी. अमेरिकेनं त्याच्यावर १ कोटी डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ८ डिसेंबर २०२४ ला त्याच्याच लोकांनी राजधानी दमास्कस घेतलं, असद मॉस्कोला पळाला, बक्षीस त्याच महिन्यात रद्द. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो अहमद अल-शरा या नावानं, सूट घालून, क्रेमलिनमध्ये पुतिनना भेटला आणि नोव्हेंबरमध्ये व्हाइट हाउसमध्ये ट्रम्पना. ज्याला दोघांनी मिळून उडवायचं ठरवलेलं त्याच्याशी दोघांनी हस्तांदोलन केलं. चांगलं की वाईट ते सोडा, यादी किती पक्की असते तेवढं बघा.

राहिले तुमचे सहा महिने. एकट्या रक्का शहराला जून ते ऑक्टोबर २०१७ असे चार महिने लागले, बहुतेक शहर जमीनदोस्त झालं, आणि ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या हिशोबानं आघाडीच्या माऱ्यात १६०० हून जास्त साधी माणसं गेली. रशियन विमानंही त्यात असती तर हा आकडा कमी झाला असता असं मला तरी वाटत नाही, अलेप्पोत त्यांनी बॉम्ब टाकून काय केलं ते बघितलंय. एकत्र यायचंच होतं तर ईशान्य सीरियातल्या अल-होलच्या छावणीसाठी यायचं होतं. आयसिसचं शेवटचं गाव पडल्यावर २०१९ मध्ये तिथं ७० हजारांवर लोक कोंबलेले, बहुतेक बायका आणि पोरं, कितीतरी देशांची. रशियानं काही पोरं परत नेली, युरोपातले बरेच देश वर्षानुवर्षं टाळत बसले. तिथं ना यादीचं भांडण होतं ना विमानांचं, फक्त आपापली माणसं उचलून न्यायची होती.