कापलेलं ते कापलेलं

पोरी,

वर तुझं नाव घालत नाही. पत्र तुझ्या आईच्या हाती पडलं तर तिला वाटेल, मी तुला पुन्हा नोकरी सोडायला सांगतोय.

परवा रात्री निघालीस तेव्हा पावणेबारा झाले होते. जिन्यात चपला घालतानाही तुझं तेच चाललं होतं, 'काका, पण मग खरा कोणता?' मी वरून म्हणालो, 'घरी जाऊन झोप.' ते काही उत्तर नव्हतं. दोन दिवस सूरसागर तळ्याभोवती फेऱ्या मारताना तोच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून लिहायला बसलो.

शुक्रवार, शनिवार, रविवार. दिग्दर्शक कपोलाचा व्हिएतनाम युद्धावरचा 'अपोकॅलिप्स नाऊ' तीनदा. बिथरलेल्या कर्नल कर्ट्झला मारायला कॅप्टन विलार्ड बोटीनं नदीतून वर निघतो, तो. 1979चा थिएटरमधला 153 मिनिटांचा, 2001चा वाढवलेला 202 मिनिटांचा, आणि 2019चा 183 मिनिटांचा, ज्याला कपोला 'फायनल' म्हणतो. (चाळीस वर्षांनी फायनल! म्हाताऱ्यांना शेवट ठरवायची फार हौस असते.) जवळपास नऊ तास तू माझ्या खुर्चीत मांडी घालून बसलीस, सेव-उसळ गार होऊ दिलीस, आणि शेवटी विचारलंस काय, तर खरा कोणता. तिन्ही एकाच माणसाचे. 2001चं संकलनही वॉल्टर मर्चनं केलं, म्हणजे मूळ संकलकांपैकीच एकानं. तेव्हा 'निर्मात्यानं दिग्दर्शकाचे हात बांधले' ही सबब इथे चालायची नाही. मी सांगतो, 1979चा. कापलेलं ते कापलेलं.

तुझा क्लीनबद्दलचा मुद्दा मला झोपू देत नाही, हे मान्य करतो. तो सतरा वर्षांचा पोरगा बोटीवर आईनं पाठवलेली कॅसेट ऐकत असतो, काठावरून गोळ्या येतात, तो मरतो, आणि आईचा आवाज चालूच राहतो. मूळ चित्रपटात तेवढंच. बोट पुढे जाते. वाढवलेल्यात बोट धुक्यातून फ्रेंचांच्या मळ्यावर लागते आणि तिथे त्याला रीतसर पुरतात. तू म्हणालीस, 'निदान मूठमाती तरी मिळते, काका.' मी गप्प बसलो, तर तुला वाटलं जिंकलीस. आता ऐक. मूठमाती मिळाली की प्रेक्षक सुटतो. विधी झाला, आता जेवायला बसा. आणि खरोखरच बसतात! लांबलचक टेबल, वाइन, फ्रान्सनं इंडोचायना कसा गमावला यावर भाषणं. मुद्दे चुकीचे नाहीत. पण तोवर त्या कॅसेटमधला आवाज तुझ्या कानातून गेलेला असतो. मूळ चित्रपटात त्याला जायला जागाच नाही.

आणि ती बोट. बोटीवरचा शेफ आंबे शोधायला जंगलात शिरतो (आंब्यासाठी जीव धोक्यात घालणारा माणूस आपल्याला काही परका नाही), झाडीतून वाघ झेप घेतो, तो बोंबलत परत येतो आणि एकच घोकत राहतो, बोटीतून उतरायचं नाही. त्या चित्रपटानं स्वतःला घालून घेतलेला हा नियम आहे. विलार्ड लगेच मनात म्हणतो की कर्ट्झ उतरला होता, आणि म्हणूनच तो कर्ट्झ झाला. आता 2001ची भर बघ. मळ्यावर उतरतात. इंधनाच्या बदल्यात सैनिकांसमोर नाचून गेलेल्या त्या मुलींसोबत वेळ मिळतो, तिथे उतरतात. प्रत्येक ठिकाणी नदी थांबते. नदी थांबली की कर्ट्झ नुसता वाट बघत बसलेला एक जाडा माणूस उरतो.

याहून वाईट म्हणजे तो सर्फबोर्ड. विलार्ड कर्नल किलगोरचा बोर्ड चोरतो, पोरांबरोबर हसतो, वरून हेलिकॉप्टरातून बोर्ड परत मागणारा आवाज येत राहतो. तुला मजा वाटली, मलाही वाटते. पण त्यानंतर सांपान, म्हणजे ती लहान होडी, अडवतात तो प्रसंग आठव. क्लीन घाबरून गोळ्या झाडतो, आणि ती बाई ज्या टोपलीकडे धावली होती तिच्यात निघतं कुत्र्याचं पिल्लू. बाईत धुगधुगी आहे, बोट चालवणारा चीफ तिला दवाखान्यात न्यायचं म्हणतो, आणि विलार्ड शांतपणे तिला गोळी घालतो. मूळ चित्रपटात तोवर हा माणूस एकदाही कुणाच्यात मिसळलेला नसतो, म्हणून ती गोळी त्याला शोभते. आणि तेव्हाच आपल्याला कळतं की इतका वेळ आपण कुणाच्या डोळ्यांनी बघत होतो. वाढवलेल्यात गोळी झाडतो तो तासाभरापूर्वी बोर्ड पळवून खिदळणारा गडी. 2019मध्ये मुलींचा तो दुसरा प्रसंग काढून टाकला, बोर्ड मात्र ठेवला. मळाही ठेवला. म्हणजे पुन्हा कापलंच ना? मग आधी का जोडलं?

त्या जर्मन पाणबुडीवरच्या 'दास बोट'चं काढू नकोस मध्ये. मला माहीत आहे. थिएटरात 149 मिनिटं, 1997ला 209, आणि टीव्हीसाठीची जवळपास पाच तासांची. तिथे लांबीच फायद्याची ठरते, कारण पाणबुडीतला कंटाळा हाच तिथला विषय आहे, आणि ते काम पहिल्यापासून टीव्ही मालिका डोळ्यांपुढे ठेवूनच शूट झालं होतं. अपवाद शोधून आणायची तुझी ही सवय वकिलाला शोभेल.

आता तुझ्या आजोबांकडे येतो.

तुझी अठरा मिनिटांची फिल्म मी चारदा पाहिली आहे. एकाहत्तरच्या लढाईत दारूगोळ्याचा ट्रक चालवणारा माणूस संध्याकाळी रेडिओ लावून बसलाय. तू ट्रकात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्राबद्दल विचारतेस. तो रेडिओचं बटण फिरवतो, खरखर होते, मग म्हणतो, 'चहा घेणार का?' संपलं. निवड समितीनं त्या शॉटसाठीच घेतली असणार, पैज लावतो. आणि आता तुझ्याकडे एकतीस मिनिटांची आहे, ज्यात ते दुसऱ्या दिवशी सगळं सांगतात, कुठल्या वळणावर, कसं, आणि रडतात.

ते माघात गेले, त्यानंतर तू ती उघडलीस. तारीख बघितली मी फाईलवर. यावर मी काही बोलत नाही.

पण संकलक म्हणून बोलतो. माणूस गेला की त्याची प्रत्येक फ्रेम अस्थी वाटायला लागते. मर्चनं लिहून ठेवलंय की कपोलाच्या या चित्रपटासाठी साडेबारा लाख फूट फिल्म वापरली गेली. पडद्यावर आलेल्या एका मिनिटामागे न दिसलेली पंच्याण्णव मिनिटं. त्यात एकोणपन्नास मिनिटं वाढवून चित्रपट 'पूर्ण' झाला? बाकीचे दोनशेहून जास्त तास काय, अपूर्ण? पूर्ण नावाची प्रत नसतेच, पोरी. ज्या दिवशी तू ती अठरा मिनिटं लोकांपुढे ठेवलीस, त्या दिवशी तू आजोबांना सांगितलंस की तुम्ही सांगितलं नाहीत तरी चालेल. आता ते नसताना तू ते बोलणं परत जोडणार. कापलेलं ते कापलेलं, हे मी फिल्मबद्दल म्हणत नाहीये फक्त.

माझं सांगतो, म्हणजे तुला कळेल मी एवढा का चिडतो. 1991ला मी लग्नाच्या बँडमधल्या एका क्लॅरिनेटवाल्यावर फिल्म केली. दिवसा डांडिया बाजारात कॅसेट टू कॅसेट लग्नं जोडायचो. गिऱ्हाईक एकजात सांगायचं, 'बधुं राखजो.' सगळं ठेवा. मामाचा आहेर, मावशीचा आहेर, जेवणाची पूर्ण पंगत. तीन तासांच्या कॅसेटी, कुणी दुसऱ्यांदा बघितल्या नसतील. माझी फिल्म मात्र मी चौतीस मिनिटांवरून वीसवर आणली, कारण स्पर्धेची मर्यादा वीस होती. तेव्हा कापणं म्हणजे काय ते तुला सांगून समजणार नाही. मधे काही घालायचं म्हटलं की त्यापुढचं सगळं पुन्हा उतरवायचं, आणि कॉपीची कॉपी झाली की रंग फुटतात. तिसऱ्या पिढीला लाल रंग आधी पसरतो. नवरीचा शालू चेहऱ्यावर यायचा. म्हणून आधी कागदावर ठरवायचं, मग बटण दाबायचं, आणि दाबल्यावर रडायचं नाही. तुमच्या कंट्रोल-झेडनं ही शिस्त पार घालवली.

कापलेल्यात एक शॉट होता. मांडवात पंगत बसलीये आणि हा क्लॅरिनेटवाला मागच्या ओट्यावर एकटा, टोपी बाजूला ठेवून, कागदातली पुरी खातोय. चार मिनिटं, एकही कट नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी काही पोरांनी फिल्म दाखवायची ठरवली आणि 'मोठी प्रत' मागितली. मी ताठ मानेनं म्हणालो, कापलेलं ते कापलेलं. टाळ्या पडल्या. घरी हिनं विचारलं, 'अहो, त्या टेपांवर तर तुम्ही त्या वैशाखात जुळ्या बहिणींचं लग्न उतरवलंत ना?'

उतरवलं होतं. लग्नसराईत टेपा कमी पडल्या आणि कोऱ्या घ्यायला पैसे नव्हते. म्हणजे माझ्याकडे जोडायला काही नव्हतंच. पण म्हणून तत्त्व खोटं होत नाही! माझ्याकडे टेप असती तरी मी नाहीच म्हटलं असतं. बहुतेक. हल्ली तर तो शॉट चार मिनिटांचा होता की दीड, याचीही खात्री वाटत नाही. त्यानं शेवटची पुरी खाल्ली की कागदात गुंडाळून खिशात टाकली? कधी एक आठवतं, कधी दुसरं. वीस मिनिटांची प्रत मात्र आहे, कपाटात, आणि अजून लागते. लाल थोडा पसरलाय.

तर अठरा पाठव. परवा निवड समितीच्या त्या फॉर्मची शेवटची तारीख आहे आणि तू लांबी लिहायची जागा मोकळी ठेवली आहेस, हे मला दिसलं होतं. तिथे अठरा लिही.

रविवारी ये. तीननंतर, आधी मी झोपलेला असतो. येताना न्यायमंदिराजवळून चेवडा आण, मागच्या वेळचा सादळलेला होता. आणि ती हार्ड डिस्कही आण, आजोबा रडतात ती. मी बघणार नाही. माझ्या कपाटात कोरडं असतं, तिथे ठेवू.

काका