आधी उंदराची जीभ, मग त्याचं जनुक

प्रिय मित्रा,

उंदरांना कडू चव कोणत्या जनुकामुळे कळते, ते शोधायचा तुझा आराखडा वाचला. क्विनाइन हा कडू पदार्थ घेऊन थेट जनुक शोधायला निघू नकोस, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. क्विनाइनची कडू चव अनेक रिसेप्टर (चव ओळखणारी पेशींवरची प्रथिनं) ओळखतात, त्यामुळे तिथला वारसा गुंतागुंतीचा आहे. त्याऐवजी सायक्लोहेक्झिमाइड हा दुसरा कडू पदार्थ घे. डीबीए/२जे या स्ट्रेनचे (प्रयोगशाळेतल्या शुद्ध वाणाचे) उंदीर त्याचं अगदी पातळ द्रावणही टाळतात, तर सी५७बीएल/६जे स्ट्रेनचे उंदीर तेच द्रावण बिनतक्रार पितात. या दोन स्ट्रेनच्या संकरातून तयार केलेल्या, दोघांच्या जनुकांची वेगवेगळी सरमिसळ असलेल्या बीएक्सडी स्ट्रेनमुळे या फरकाचं मूळ सहाव्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं. २००० साली झुकर आणि रायबा या शास्त्रज्ञांच्या गटांनी तो फरक टी२आर५ या रिसेप्टरशी जोडला. सी५७ उंदरांतला हा रिसेप्टर मेलेला नसतो, त्याला जागं करायला जास्त मात्रा लागते एवढंच. म्हणून एकाच मात्रेवर चाचणी घेऊन ‘याला चव कळत नाही’ असा निकाल कधीही देऊ नकोस.

खरी मेहनत उंदरासमोर आहे. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत द्रावण, मुदत दोन दिवसांची. ही चाचणी सोपी आहे. निम्म्या वेळेनंतर बाटल्यांच्या जागा बदलायला विसरू नकोस, कारण काही उंदीर चव कशीही असो, ठरलेल्या बाजूलाच पितात. पण सायक्लोहेक्झिमाइड पेशीतली प्रथिननिर्मिती रोखतं, ते विष आहे. दोन दिवसांत उंदराला बरं वाटेनासं झालं आणि त्यानं बाटली सोडली, तर तू जिभेची परीक्षा घेतलीस की पोटाची? त्यासाठी तहानलेल्या उंदराला काही सेकंदच नळी दे आणि त्यानं किती वेळा चाटलं ते मोज. एवढ्या वेळात पोट मध्ये येत नाही. यासाठीचं यंत्र महाग असतं, पण पैसे खर्च करायचे तर इथेच कर.

आणि २००५ चा प्रयोग मुळातून वाच. माणसाचा एक कडू रिसेप्टर उंदराच्या गोड ओळखणाऱ्या पेशींत बसवला, तर उंदीर तो कडू पदार्थ आवडीनं पिऊ लागले. तोच रिसेप्टर कडू पेशींत बसवला तेव्हा मात्र त्यांनी तो टाळला. म्हणजे नुसतं जनुक हाती लागून भागत नाही, ते कोणत्या पेशीत चालू आहे हेही दाखवावं लागतं. तुझ्या आराखड्यात याला एक ओळही नाही.

नवा मसुदा पाठवताना मात्रांची यादी, नियंत्रण गट आणि आधी कडू न चाखलेले उंदीर कुठून आणणार, हे लिही.

सस्नेह.