मिरजेत मोहल्ला आणि पोलीस ठाण्यात विश्वास कसा वाढेल?

शांतता समितीच्या बैठकीवर फार विसंबू नका. सणाच्या तोंडावर भरते, तेच चार पुढारी, चहा-बिस्कीट, फोटो, झालं. 2009 च्या गणेशोत्सवात अफझलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून मिरजेत दंगल पेटली, तेव्हा अशा ओळखी किती कामी येतात ते दिसलंच.

भिवंडीत 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या चालवल्या. त्यात रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, बायका असत आणि बैठका शांततेच्या दिवसांतही होत. 1992-93 मध्ये मुंबई जळाली, भिवंडी शांत राहिली.

म्हणून बीट हवालदाराला, म्हणजे तुमच्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला, आधी साध्या कामासाठी भेटा: हरवलेला मोबाईल, पासपोर्टची पडताळणी, गल्लीतलं भांडण. सोबत एखादी चाची असू द्या, साहेबांपुढे त्याच जास्त मोकळं बोलतात!