सुवार्ता ‘शेअर’ करायची की सांगायची?

वसईत दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. धडा आहे येशूच्या शेवटच्या आज्ञेचा: जगभर जा आणि लोकांना सुवार्ता सांगा. हाताशी असलेल्या इंग्रजी पुस्तकात ‘शेअर द गॉस्पेल’ असं आहे. ताई विचारतात, मराठीत ‘सुवार्ता शेअर करा’ म्हणावं, ‘वाटा’ म्हणावं की ‘प्रचार करा’? ‘सुवार्ता’ आणि ‘शुभवर्तमान’ यांत फरक काय? आणि सांगणाऱ्याला ‘सुवार्तिक’ म्हणतात ते बरोबर का?

आधी ‘शेअर’चा निकाल लावतो, कारण या शब्दाने माझं डोकं कधीचं उठलंय. मुंबईत रिक्षा शेअर होते, लोकेशन शेअर होतं, मनातलं दुःखही शेअर होतं, आणि आता सुवार्ताही? शेअर रिक्षात तिसरा माणूस बसला की पहिल्या दोघांना अंग चोरावं लागतं. ‘वाटणे’चंही तेच. पेढे, पत्ते, जमीन, कामं वाटावीत. वाटली की आपल्याकडची कमी होतात. बातमी मराठीत वाटत नाहीत. ती सांगतात, कळवतात, पोचवतात, फोडतात, वेळ आली तर दाबतातसुद्धा. तेव्हा ताई, स्टेशनबाहेर उभं राहून पत्रकं खुशाल वाटा, सुवार्ता मात्र सांगा.

आता ‘शुभवर्तमान’. गेल्या महिन्यात विरार लोकलमध्ये कुणीतरी एक चार पानी पुस्तिका सीटवर ठेवून गेलं होतं. समोरच्या शाळकरी मुलीने मुखपृष्ठावरचं नाव अडखळत वाचलं, ‘शुभ... वर्तमान’, आणि आईला विचारलं, ‘म्हणजे प्रेझेंट टेन्स चांगला?’ आई म्हणाली, ‘असेल. गप बस, भाईंदर आलं.’ मुलीला माफ आहे. पण हाच विनोद मी एका मराठी भाषा दिनाच्या व्यासपीठावरून, शाल पांघरलेल्या वक्त्याच्या तोंडून ऐकलाय. ‘पाद्र्यांचं मराठी पाहा. वर्तमान शुभ, मग भविष्याचं काय?’ सभागृहात हशा पिकला. मी मागच्या रांगेत बसून मनात एकच विचारत होतो, की हे गृहस्थ रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतात ते काय चालू काळाचा कागद म्हणून?

वर्तमान म्हणजे बातमी. हा अर्थ कुणा गोऱ्या पाद्र्याने शोधून काढलेला नाही. पेशवाईतल्या पत्रांत पानोपानी ‘इकडील वर्तमान’ येतं. मोल्सवर्थच्या कोशातही, 1831 ची आवृत्ती घ्या नाहीतर 1857 ची, तो अर्थ सरळ नोंदलेला आहे. मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणती नाही, असं पानिपताहून आलं ते वर्तमानच होतं, फक्त अशुभ. तेव्हा शुभवर्तमान हे अस्सल जुनं मराठी आहे. ओबडधोबड झालाय तो आपला कान.

दोन शब्दांतला फरक झटक्यात सांगतो. प्रचलित मराठी बायबलमध्ये मत्तय, मार्क, लूक, योहान या चार पुस्तकांच्या नावात ‘शुभवर्तमान’ आहे, आणि आतल्या मजकुरात त्या संदेशाला ‘सुवार्ता’ म्हटलंय. म्हणजे ग्रंथ ते शुभवर्तमान, सांगायची ती सुवार्ता. वसईत तर ‘सुवार्ता’ नावाचं मासिकच आहे, आणि त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादला 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शब्द रुळलाय की नाही, हा वाद एवढ्यावर मिटायला हरकत नाही.

पण ताई, मला खरं सांगायचंय ते वेगळंच. मूळ ग्रीक शब्द आहे ‘युअंगेलिऑन’. ‘यु’ म्हणजे चांगलं, ‘अंगेलोस’ म्हणजे निरोप्या, दूत. इंग्रजीतला एंजल तो हाच. इथवर सगळे सांगतात. त्याच्या पुढचं फारसं कुणी सांगत नाही. प्राचीन ग्रीक महाकवी होमरच्या काळी युअंगेलिऑनचा अर्थ चांगली बातमी असा नव्हताच. चांगली बातमी आणणाऱ्याला जे बक्षीस मिळतं, ते युअंगेलिऑन!

होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या चौदाव्या सर्गात हा प्रसंग आहे. वीस वर्षांनी ओडिसियस घरी परतलाय, पण भिकाऱ्याच्या वेषात, आणि बसलाय स्वतःच्याच डुकरं राखणाऱ्या म्हाताऱ्या युमायसच्या झोपडीत. तो म्हणतो, तुझा धनी येणार, मी शपथेवर सांगतो. तो आला की मला युअंगेलिऑन दे, अंगावर घालायला चांगला अंगरखा आणि झगा. युमायस म्हणतो, म्हातारबाबा, हे बक्षीस मी काही देणार नाही आणि ओडिसियस काही येणार नाही. धनी समोर बसून जेवतोय आणि बक्षीस नाकारलं जातंय!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, अरे, ही तर आपली साखर! मराठीत कुणी चांगली बातमी आणली, किंवा नुसतं ‘होईल हो तुमचं काम’ म्हटलं, की आपण काय म्हणतो? ‘तुमच्या तोंडात साखर पडो.’ बातमीचा मोबदला, तोही रोख आणि थेट तोंडात. गड सर झाला की हत्तीवरून साखर वाटायची ती याच हिशेबात. दहावीचा निकाल घेऊन आलेल्या शेजारच्या पोराच्या हातावर पेढा ठेवल्याशिवाय गिरगावातली कुठलीही आजी त्याला दारातून हलू देत नसे. तो पेढा म्हणजे होमरच्या अर्थाचं युअंगेलिऑन, अगदी शुद्ध.

बायबलमधल्या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हा अर्थ अजून जिवंत आहे, आणि तिथे तो अंगावर काटा आणतो. शौल राजा मेला ही बातमी घेऊन एक जण दाविदाकडे धावत येतो. त्याला वाटतं दाविदाचा वैरी मेला, आता घबाड मिळणार. दावीद त्याला ठार करवतो, आणि पुढे सांगतो, त्याच्या बातमीचं बक्षीस मी त्याला हे असं दिलं. शब्द तोच, फक्त अनेकवचनात.

आता वार्तेकडे या. कौटिल्याने चार विद्या सांगितल्या: आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती. त्यातली वार्ता म्हणजे बातम्या नव्हेत. शेती, पशुपालन आणि व्यापार म्हणजे वार्ता. वृत् धातूपासून वृत्ती, म्हणजे माणूस ज्यावर जगतो ते. गावचं जोशीपण किंवा भटपण ही ‘वृत्ती’ होती ती याच अर्थाने. म्हणजे पाहा, ग्रीक शब्द निघाला निरोप्याच्या बक्षिसापासून आणि संस्कृत शब्द माणसाच्या उपजीविकेपासून. दोन्ही पोटातून निघाले आणि बातमीपाशी येऊन भेटले. कोशात वार्तेचे हे दोन अर्थ दोन वेगळ्या आकड्यांखाली लावलेत, आणि त्यांचा संबंध जोडू नये असं मला एका संस्कृतच्या प्राध्यापकांनी बजावलंय. आकडे कोशकाराच्या सोयीचे असतात. ज्याने पहिल्यांदा शब्द उच्चारला त्याने आकडे घातले नव्हते. माझं मत मी बदलत नाही.

आणि बदलावं तरी का? पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय काढा. हा पौल म्हणजे येशूचा प्रेषित, राहुट्या शिवून पोट भरणारा माणूस. तो आधी म्हणतो, सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी हा नियमच आहे. मग म्हणतो, पण मी तो हक्क बजावलेला नाही; सांगणं मला भागच आहे, न सांगितली तर माझी धडगत नाही. आणि मग विचारतो, तर माझं वेतन काय? उत्तर: सुवार्ता फुकट सांगायची, हेच माझं वेतन. ज्या शब्दाचा मूळ अर्थच निरोप्याची बिदागी, तो शब्द हातात धरून पौल म्हणतोय की बिदागी न घेणं ही माझी बिदागी. हा श्लेष त्याने मुद्दाम केला असं माझं ठाम म्हणणं आहे. भाष्यकार इथे उपजीविका आणि हक्क यांवर पानंच्या पानं लिहितात आणि शब्दाकडे ढुंकूनही बघत नाहीत. मराठी वाचकाला हे त्यांच्या आधी कळायला हवं, कारण आपल्याकडे वार्ता आणि वृत्ती एकाच घरातल्या आहेत.

‘सु’बद्दलही एक. ग्रीक ‘यु’ आणि आपला ‘सु’ हे सख्खे भाऊ, असं मी मानतो. काही अभ्यासक त्या ‘यु’ला संस्कृत ‘वसु’शी (म्हणजे चांगला) जोडतात. जोडोत. पण ग्रीकमध्ये ‘हुगिएस’ म्हणजे निरोगी असा शब्द आहे. त्यातला ‘हु’ म्हणजे ‘सु’ आणि पुढचा भाग म्हणजे आपला ‘जीव’. महापालिकेच्या फलकावरचं हायजीन म्हणजे मुळात ‘सुजीव’! (हे इथे अगदीच विषयांतर आहे, पण सोडवत नाही.)

मुंबईतल्या गोवेकरांचा शब्द याहून गोड आहे. धोबीतलावाच्या किंवा कावेलच्या कुणा कोकणी बोलणाऱ्या आजीला विचारा, ती सुवार्ता म्हणणार नाही, ‘वांजेल’ म्हणेल. पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला तोच ग्रीक शब्द. वाटेत ‘यु’चा ‘एव्’ झाला, मग ‘ए’ गळाला, आणि ‘चांगलं’ या अर्थाचा एवढाच अवशेष उरला: एक व्. दूत मात्र आख्खा पोचला.

‘प्रचार’ राहिला. चर् म्हणजे फिरणे, त्यामुळे मुळात प्रचारात वाईट काही नाही. ‘जगभर जा’ला तर तो चपखलच बसला असता. पण निवडणुकीच्या दिवसांत भोंगा लावून गल्लीत फिरणाऱ्या रिक्षांनी त्या शब्दाची पार रया घालवली. त्यापेक्षा ‘प्रसार’ बरा. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या मराठी मथळ्यातही धर्माचं ‘प्रकटीकरण, आचरण व प्रसार’ असे शब्द आहेत. त्यातला ‘प्रकटीकरण’ हा मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या नावाशी जुळलाय, हा योगायोग मला फार आवडतो.

आणि ताई, धड्यात ‘जा आणि शिष्य करा’ असं लिहू नका. मत्तयच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात या आज्ञेचं मराठी भाषांतर ‘तुम्ही जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ असं आहे, आणि तेच हवं. ग्रीकमध्ये आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘शिष्य करा’. ‘जा’ तिथे आज्ञार्थात नाही, धातुसाधितात आहे. इंग्रजीला ते सहज जमत नाही म्हणून तिने दोन आज्ञा केल्या. मराठीचा ‘ऊन’ मात्र तंतोतंत बसतो. हल्ली काही उपदेशक याचा उलटा अर्थ काढतात: ‘जा’ ही आज्ञाच नाही, म्हणजे जाणं जरुरीचं नाही, जाता-येता जमेल तेवढं सांगा. त्यांना मराठी घरात वाढवायला हवं होतं. ‘दादरला जाऊन भाजी आण’ असं आईने सांगितल्यावर, ‘जाऊन’मध्ये आज्ञार्थ कुठाय, असं म्हणून पंख्याखाली बसून राहिलेला मुलगा मी तरी पाहिलेला नाही.

‘सुवार्तिक’ बिनधास्त वापरा. बायबलात फिलिप्पाला ‘सुवार्तिक’च म्हटलंय. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवर कात्यायनाने लिहिली ती ‘वार्तिकं’. ती बातम्यांची नाहीत, पण नात्याने जवळची आहेत, आणि त्यावर मला आणखी चार पानं लिहिता येतील. प्राध्यापक चिडतील म्हणून थांबतो. मुलांकडून एवढं तेवढं घोटून घ्या: सुवार्तेतला ‘सु’ ऱ्हस्व. परवाच एका मंडपाबाहेर हातभर मोठ्या अक्षरांत ‘सूवार्ता महोत्सव’ असा फलक पाहिला, आणि खाली बारीक अक्षरांत: ‘कृपया शेअर करा.’