शिबिराहून आल्यावर

प्रिय मुली,

सलाम.

तुझा लांबलचक निरोप मिळाला. पाचगणीच्या शिबिरात शेवटच्या रात्री तू पुढे गेलीस, गुडघे टेकलेस, खूप रडलीस आणि उठलीस ती वेगळीच होऊन, असं म्हणतेस. माझा त्यावर विश्वास आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की मावशी विरजण घालतेय.

तुझा भाऊ म्हणतो, ते सगळं वातावरणाचं काम. असेलही. मोबाईल जमा केलेले, झोप अपुरी, घर लांब, एकच कडवं पुन्हा पुन्हा, मागे हलका कीबोर्ड, ‘डोळे मिटा, हात वर करा’. शिबिरांच्या स्वयंपाकघरात आणि प्रार्थनागटात मी बरंच काम केलंय. यातलं किती आधी ठरलेलं असतं ते मला ठाऊक आहे. पण वातावरण होतं म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात, मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या, तेव्हाही वेल्समधल्या संजीवनाच्या, म्हणजे तिथे उसळलेल्या धर्मजागृतीच्या लाटेच्या, बातम्या आधी तिथवर पोचल्या होत्या आणि रमाबाईंनी प्रार्थनेचे गट आधीच उभे केले होते. ठिणगी पडायला सरपण रचलेलं लागतंच.

रमाबाईंचंच बघ. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटला आठेक वर्षांनी. म्हणजे क्रम तुझाच: पाणी आधी, अनुभव मागाहून. त्यानंतर त्या काय करत बसल्या? मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उपाशी मुली केडगावला आणल्या, त्यांच्या पोटापाण्याची सोय केली, आणि उतारवयात हिब्रू-ग्रीकची व्याकरणं घेऊन बसून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. ते काम उरकलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्यांच्या अनुभवाचा मला सगळ्यांत पटणारा पुरावा म्हणशील तर तो हा.

तुझी ऊब ओसरेल. कदाचित कॉलेज सुरू होताच. तेव्हा घाबरू नकोस, आणि पुढच्या शिबिराची वाटही बघत बसू नकोस. २४ मे १७३८ ला लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचं मन अनपेक्षितपणे उबदार झालं. हे त्या पंथाच्या मंडळींत रविवारच्या शब्बाथ शाळेतली पोरंही सांगतील. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. १७३९ च्या जानेवारीत त्याच वेस्लींनी रोजनिशीत लिहिलं की मी अजून ख्रिस्ती नाही. आणि मग पन्नासेक वर्षं घोड्यावरून गावोगाव संदेश देत फिरले.

आता बाप्तिस्म्याचं. शिबिरातल्या भाऊंनी सांगितलं की तान्हेपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी बाप्तिस्मा नव्हे, पुन्हा बुडवून घे. त्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ दाखवला असणार, तोच दाखवतात. तो नीट वाच. इफिसातल्या ज्या शिष्यांना पौलाने पुन्हा बाप्तिस्मा दिला, त्यांचा पहिला योहानाचा होता, येशूच्या नावाने झालेला नव्हता. तुझा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालाय, आणि नगरच्या मंडळीच्या वहीत त्याची नोंद आहे. बॅप्टिस्ट लोक तान्ह्यांचा बाप्तिस्मा मानत नाहीत, ते त्यांच्या जागी प्रामाणिक आहेत. त्यांची बाजू मी हसण्यावारी नेत नाही. उलट २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात आपली उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांत बॅप्टिस्टही होते. म्हणून आपल्याकडे लहानपणीचा आणि समजत्या वयातला, दोन्ही बाप्तिस्मे चालतात. एकाच माणसाला दोन मात्र नाहीत. तुला जे सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगायचंय, त्यासाठी दृढीकरणाचा विधी आहे: बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी आपला विश्वास स्वतः कबूल करायचा. तू ते दोन वर्षं टाळत आलीस, कारण वर्ग कंटाळवाणे. वर्ग कंटाळवाणे आहेत खरेच. तरी पाळकसाहेबांकडे जा आणि नाव दे. वर्षभरानंतरही बुडवून घ्यावंसं वाटलं तर आपण तिघं बसून बोलू. या महिन्यात, घरी न सांगता, कुणाच्या गाडीत बसून नदीवर जायचं नाही.

आणि एक गोष्ट मला खुपली. आजीला तू म्हणालीस, ‘तुझं तारण झालेलं नाही, तू नावाची ख्रिस्ती.’ का, तर ती डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करत नाही आणि ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणते, जी तुला आता जुनाट वाटतात. तुझ्या आत काय झालं ते तू सांगू शकतेस. तिच्या आत काय झालं ते तुला त्या रात्री कुणी दाखवलेलं नाही. खुद्द टिळकांच्या घरात बघ: त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षांनी, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या विचाराने. नवरा-बायकोसुद्धा एका वेळी पोचत नाहीत, आणि तू आजीला आठवड्यात पोचवायला निघालीस! माफी मागच. पण त्याहून मला हवंय ते असं की तिला विचार, ‘आजी, तू प्रभूला कशी ओळखायला लागलीस?’ आजोबा गेल्यानंतरची वर्षं तिने कशी काढली ते तुला माहीत नाही. मला थोडं माहीत आहे, पण ते तिने सांगायचं.

सकाळी पाचला उठून तासभर वाचन हा तुझा बेत चार दिवसांत मोडेल. मार्काचं शुभवर्तमान घे, रोज अर्धा अध्याय, आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण कर. त्या खुणा घेऊन रविवारी उपासनेनंतर माझ्याकडे ये. सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे नसतील, तेव्हा वही आण.

तुझी,
मावशी

ता. क. दशमांशाचं, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाच्या कामाला देण्याचं, विचारलं होतंस. तुला अजून पगार नाही. बाबांनी बसच्या पाससाठी दिलेल्या पैशांचा दहावा भाग कुणाच्याही क्यूआर कोडवर पाठवायचा नाही, मग त्याखाली कुठलंही वचन छापलेलं असो.